किनाऱ्यावरची जुनी सीडी १००: सायलेन्सर उतरवताना तुटलेला स्टड

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली ही गाडी. हीरो होंडा सीडी १००, १९९६ची, ९७.२ सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन. मालक मासळीच्या धंद्यातले, साठीच्या पुढचे. रोजचा फेरा घर ते जेटी आणि जेटी ते बाजार, एकेक टप्पा दोन-तीन किलोमीटरचा. गाडी दिवसा जेटीवर, रात्री माडाखाली उघड्यावर. आठवड्यातून एकदा विहिरीच्या पाण्याने धुणं, आणि ते पाणीही एप्रिल-मेमध्ये मचूळ होणारं.

सायलेन्सर का सडला ते एवढ्यावरूनच कळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांबच्या फेऱ्यात सायलेन्सर पुरता तापतो आणि ही वाफ निघून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यात तो तापायच्या आधीच गाडी बंद होते, वाफ आतच पाणी होऊन तळाच्या शिवणीत साचते. निथळायला या सायलेन्सरच्या पोटाशी एक बारीक भोक होतं, पण आधी कोणीतरी ते गंजाचं भोक समजून वेल्डिंगने बुजवलेलं होतं. त्यामुळे बाहेरून खारी हवा आणि आतून साचलेलं पाणी, असं दोन्हीकडून पत्रा खाल्ला जात होता.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या ठेवणीची. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो. हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाचं, एक्झॉस्टचं (धूर बाहेर पडायचं) तोंड खाली जमिनीकडे बघतं, तिथले दोन स्टडही (हेडमध्ये घट्ट बसवलेले आटेदार दांडे, ज्यांच्यावर सायलेन्सर नटांनी आवळतात) खालच्या दिशेने निघतात, आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल व पाणी थेट त्या नटांवर बसतं. बुलेटसारख्या उभ्या सिलिंडरच्या गाडीवर ही जागा जरा उंच आणि समोर असते. इथे ती पोटाखाली आहे. पुढे जे घडलं त्यात या एका गोष्टीचा वाटा बराच मोठा.

अडचण

तक्रार तीन प्रकारची होती. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज. हेडजवळ, फ्लँजच्या (पाइप हेडला धरून ठेवणाऱ्या, दोन भोकांच्या पट्टीच्या) कडेने काळी काजळी. आणि सायलेन्सरच्या तळाला बोट जाईल एवढं भोक, ज्यावर दोन गोळ्या मळून लावायचं सील थापलेलं. हे सील नळाला किंवा टाकीला ठीक. सायलेन्सरच्या उष्णतेत ते जळून ठिसूळ होतं आणि खड्ड्यातल्या पहिल्याच धक्क्याला पडतं. इथेही अर्धं पडलेलंच होतं.

त्यात गाडीची पुनर्नोंदणी आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती करावी लागते, गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि पीयूसी सोबत लागतं. तारखेला नऊ दिवस होते.

फुटका सायलेन्सर पीयूसीत आपोआप नापास होतो असं नाही, उलट फसवा आकडा येतो. हेडपाशी गळती असेल तर धुराच्या प्रत्येक झटक्यामागोमाग बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. फटफट आवाजही याच हवेमुळे: सायलेन्सरमध्ये गेलेलं अर्धवट जळलेलं मिश्रण तिथे हवा मिळाल्यावर पेटतं. म्हणून आवाज आला की लगेच कार्ब्युरेटर उघडायला बसू नये. आधी पॅकिंगची, म्हणजे हेड आणि पाइप यांच्यामधल्या कडीची, जागा बघावी. गॅरेजच्या मिस्त्रींनी इथे बरोबर केलं. इंजिन थंड असताना फ्लँजभोवती साबणाचं पाणी लावलं, गाडी चालू केली आणि सायलेन्सरच्या शेपटाला जाड फडकं क्षणभर दाबून धरलं. फ्लँजच्या एका बाजूने फेसाचे फुगे आले. (हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच करायचं, नंतर पाणी सुकतं आणि हातही भाजतो.)

निदान झालं: पॅकिंग गेलंय, सायलेन्सर सडलाय, दोन्ही बदलायचे. बेंड पाइप आणि सायलेन्सर एकच जोडलेला असल्याने अख्खा उतरवायचा. काम तासाभराचं, असं मालकांना सांगितलं गेलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न उतरवण्याचा: तळाला पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा आणि फ्लँजचे नट आणखी आवळायचे. मालकांना हाच आवडला होता. पण सडलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, भोक मोठंच होत जातं. गंजलेला नट आवळला तर तो फिरतोय की स्टड पिळवटतोय हे कळत नाही. हा पर्याय सोडला ते योग्यच.

दुसरा, सरळ पाना लावून नट काढणं. तिसरा, आधी नट भिजवणं, तापवणं आणि मग काढणं, यात एक रात्र जाणार. चौथा, नट सोडवायच्या भानगडीत न पडता तो उभा चिरून काढणं.

चौथ्या पर्यायाचा त्या दिवशी कोणी गंभीरपणे विचार केला नाही. खरं तर पर्यायांची किंमत उलट्या क्रमाने लावायला हवी होती. नट चहाच्या किमतीचा. स्टड थोडा महाग, पण बाजारात मिळणारा. हेड सगळ्यात महाग, आणि जुन्या गाडीचं चांगलं हेड शोधण्यात आठवडा जातो. काहीतरी मोडणारच असेल तर ते नट असावं.

निवड झाली दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली: गंज सोडवणारा स्प्रे मारायचा, वीस मिनिटं थांबायचं, पाना लावायचा.

पहिला दिवस

स्प्रे खालून वर मारला गेला. स्टड खाली तोंड करून असल्यामुळे तेल आट्यांत चढण्याऐवजी ठिबकून जमिनीवर पडलं. वीस मिनिटांत आत काय गेलं असेल ते देवच जाणे. अशा जागी सुती कापडाची पट्टी तेलात भिजवून नटाभोवती गुंडाळायची आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. कापड तेल धरून ठेवतं, आणि आट्यांच्या फटीतून ते हळूहळू वर चढतं. मधूनमधून नटाच्या कडेवर छोट्या हातोडीने टिचक्या मारल्या की गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. याला रात्र लागते.

मग पहिली मोठी चूक. मिस्त्रींनी आधी मागचा, फ्रेमच्या कंसावरचा बोल्ट काढून टाकला. सवयीने बहुतेक जण असंच करतात, कारण तो सोपा असतो. पण तो निघाला की सायलेन्सरचं सगळं वजन पुढच्या दोन ६ मिमी स्टडांवर लोंबकळतं. खाली वीट किंवा जॅक काहीच नव्हतं.

पहिला नट सुटला. नट सुटला म्हणजे, नटासकट स्टडच हेडमधून फिरत बाहेर आला. हे वाईट नाही; हेडमधले आटे शाबूत असतील तर ही चांगलीच सुटका. स्टड नवा घालायचा. पण याचे दोन परिणाम झाले. एक, फ्लँज एका बाजूने मोकळा झाला आणि सायलेन्सरच्या वजनाने तिरपा होऊन उरलेल्या स्टडवर अडकला. आता त्या नटाला फिरताना गंजाशीही झुंजायचं होतं आणि वाकड्या दाबाशीही. दुसरा परिणाम माणसांवर: एक सुटला, म्हणजे दुसराही सुटणार, असं वाटायला लागलं.

दुसऱ्या नटाचे कोपरे गंजाने झिजले होते. १०चा बारा कोपऱ्यांचा रिंग पाना एकदा घसरला. तेव्हा सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट पाना) हातोडीने ठोकून बसवली, ती नीट बसली. नट किंचित फिरल्यासारखा वाटला आणि हात सैल सोडताच पाना पुन्हा मागे आला.

या प्रकरणात एखादा क्षण निवडायचा तर तो हा. नट फिरतो तेव्हा कचकन सुटल्यासारखं वाटतं आणि तो गेला तिथेच राहतो. पाना रबरासारखा दबतो आणि सोडल्यावर परत येतो, तेव्हा नट जागचा हललेला नसतो. स्टड पिळवटत असतो. इथे पाना खाली ठेवायचा. हिशेब सोपा आहे. ६ मिमीच्या स्टडला साधारण १० न्यूटन-मीटर आवळ पुरते. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर तेवढ्याला जेमतेम सात किलोचा जोर लागतो. त्याच पान्यावर पाइप चढवून लांबी ४५ सेंटिमीटर केली तर तोच हात ३० न्यूटन-मीटर लावतो, आणि गंजून बारीक झालेला ६ मिमी स्टड तेवढं सोसत नाही.

मदतनीस पोराने पाइप आणला. कोणी थांबवलं नाही. स्टड हेडच्या पातळीपासून सुमारे २ मिमी बाहेर राहील असा तुटला.

सायलेन्सर निघाला

तुटल्यावर सायलेन्सर अर्थातच हातात आला, आणि गळतीचं खरं कारण दिसलं. एक्झॉस्टच्या तोंडात पॅकिंगच्या एकावर एक दोन कड्या होत्या. आधी कधीतरी पॅकिंग बदलताना जुनी कडी आत चिकटून राहिली, कार्बनमुळे ती हेडचाच भाग दिसली, आणि तिच्यावरच नवी बसवली. दोन कड्या एकमेकींवर कधीच सपाट बसत नाहीत. फ्लँज वाकडा आवळला जातो, गळती होते, कोणीतरी नट आणखी आवळतं, गळत्या धुराने नट आणखी भाजतो आणि गंजतो.

जुनी कडी काढायला आकडा केलेली टोकदार सळई आतल्या कडेला अडकवून हळूच ओढायची. छिन्नी लावू नये, अ‍ॅल्युमिनियमच्या बसायच्या जागेवर चर पडते. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्यामुळे ते कोरडं घासू नये. तेलाने ओलं करूनच उचलावं.

तुटलेल्या स्टडचं काय करायचं

आता पर्याय पुन्हा मांडावे लागले, आणि या वेळी घाई कमी होती.

तुटका स्टड खालून, गाडी उभी ठेवूनच ड्रिल करता आला असता. त्याचा एक फायदा आहे: कीस खाली पडतो, सिलिंडरकडे जात नाही. पण गाडीखाली ड्रिल मशीन सरळ धरायला जागा नव्हती, आणि ६ मिमीच्या स्टडमध्ये अर्धा मिलिमीटर तिरपं गेलं की बिट पोलाद सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतो. स्टड उलट फिरवणारा एक्स्ट्रॅक्टर वापरावा असंही कोणी सुचवलं. मिस्त्रींनी नाही म्हटलं, आणि त्यात त्यांचा अनुभव दिसला. जो स्टड १०च्या पान्याला ऐकला नाही तो ३ मिमीच्या एक्स्ट्रॅक्टरला ऐकणार नाही. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर त्याचं कडक पोलाद साध्या बिटाने ड्रिल होत नाही, मग हेडच बदलावं लागतं.

हेड उतरवायचं तर टायमिंग चेन, गॅस्केट सगळं उघडावं लागणार. म्हणून ठरलं: ऑइल काढून अख्खं इंजिन उतरवायचं आणि बाकावर उलटं ठेवायचं. एक्झॉस्टचं तोंड वर येतं, हेड उघडावं लागत नाही, टायमिंगला हात लागत नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला म्हणजे एक्झॉस्टची झडप बंद राहते. तोंडात ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं म्हणजे कीस आत जात नाही. हा निर्णय चांगला होता. तो पहिल्याच दिवशी संध्याकाळी झाला असता तर आणखी चांगलं.

वेल्डिंगचा प्रयत्न

स्टड २ मिमी बाहेर होता, म्हणून त्यावर नट वेल्ड करून फिरवायचं ठरलं. तत्त्व बरोबर आहे. लोखंडाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटत नाही. शिवाय वेल्डिंगची धग स्टडला तापवते, आणि स्टड थंड होताना आकसला की गंजाची पकड सुटते. इंजिन बाकावर असल्याने बॅटरी आणि सीडीआयचा (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) प्रश्न नव्हता. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडावी आणि अर्थचा चिमटा शक्य तितका जवळ, हेडवरच लावावा. फ्रेमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

पहिल्यांदा ८ मिमीचा नट थेट वर ठेवला आणि त्याच्या भोकात वेल्डिंग भरलं. भोक खोल, तळाशी सगळा स्लॅग (वेल्डिंगचा मळ), आणि स्टडवर आदल्या दिवशीचं तेल. नट फिरवला तसा निखळून आला.

दुसऱ्यांदा नीट केलं. तेल थिनरने पुसलं. आधी पातळ वायसर ठेवून तो स्टडला वेल्ड केला, मग त्यावर नट. पण वेल्डिंग झाल्या झाल्या पोराने लवकर थंड व्हावं म्हणून ओलं फडकं टाकलं. स्टड थंड व्हायला पाचेक मिनिटं तशीच द्यायची असतात, आणि हात लावता येईल इतका कोमट असताना पुढे-मागे, पुढे-मागे करत फिरवायचा. इथे नट फिरवला तेव्हा स्टडचा बाहेर असलेला भाग वेल्डिंगसकट तुटून आला. आता स्टड हेडच्या पातळीच्या जरा खाली गेला होता, आणि पाण्याने एकदम थंड झाल्यामुळे त्याचा माथा इतका कडक झाला की बिट नुसता घसरत होता.

गॅसने हेड तापवायचा विचारही झाला. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हेड तापवलं तर स्टडवरची पकड सैल होते. तत्त्व इथेही बरोबर. धोका असा की लोखंड तापलं की लाल दिसतं, अ‍ॅल्युमिनियम मात्र रंग न बदलता वितळतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि हेडचं मिश्रधातू त्याहून आधी बसायला लागतं. ऑक्सिजन-गॅसची ज्वाळा तीन हजार अंशांच्या वरची. साध्या ब्लो-लॅम्पने, साबणाची वडी घासून, ती तपकिरी-काळी झाली की थांबायचं, इतकी सावधगिरी असेल तरच हे करावं. स्टड पातळीखाली गेलेला असताना तापवून पकडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

ड्रिलिंग

तिसऱ्या दिवशी टर्नरकडून एक छोटी गोष्ट करून आणली, आणि सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी तीच ठरली. फ्लँजच्या भोकात घट्ट बसेल अशी लोखंडी बुश, मध्ये बरोबर ३ मिमीचं भोक. पहिल्या बाजूला नवा स्टड बसवला, फ्लँज त्यात अडकवून एक्झॉस्टच्या तोंडावर नीट बसवला आणि आवळला. आता दुसऱ्या बाजूला फ्लँजचं भोक तुटक्या स्टडच्या बरोबर वर आलं. गाडीचाच फ्लँज गाईड झाला. डोळ्याने पंच मारून मध्य काढण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

त्याआधी छोट्या ग्राइंडिंग पॉइंटने माथ्यावरची कडक साल घासून सपाट केली. मग बुशमधून ३ मिमी, नंतर बुश काढून ४ मिमी, शेवटी ५ मिमी. मशीन हळू, दर दोन-तीन मिलिमीटरला बिट बाहेर, कटिंग ऑइलचे दोन थेंब. ६ मिमी, १ मिमी पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) आट्यांसाठी ५ मिमी हेच टॅपचं, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचं, भोक. इतकं पोखरल्यावर स्टडची नुसती आट्यांची स्प्रिंग उरते. टोकदार सळईने ती आत ढकलून तुकड्यांनी निघाली. तळ ओलांडून बिट जाऊ नये म्हणून बिटाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली होती.

टॅप फिरवून बघितलं तर हेडमधले वरचे तीन आटे फाटलेले, खालचे ठीक. इथे पुन्हा एक निर्णय. मिस्त्रींचं म्हणणं, ८ मिमीचा टॅप मारून ८चा स्टड घालू. झटपट आणि मजबूत. पण मग फ्लँजचं भोक मोठं करावं लागणार, दोन बाजूंना दोन मापाचे स्टड आणि नट, आणि पुढे कधी तिथले आटे गेले तर हेडच्या भिंतीत जागाच शिल्लक राहणार नाही. दुसरा मार्ग हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेचे आटे बसवून मूळचंच ६ मिमी माप ठेवणं. किट गावात नव्हतं, कोल्हापूरहून मागवावं लागलं आणि दोन दिवस गेले. त्यात नऊ दिवसांतले पाच संपणार होते तरी हेलिकॉइलच निवडलं, ते बरंच झालं. ६.३ मिमीचं भोक, किटमधला खास टॅप, आणि ९ मिमी लांबीची कॉइल, तिचं वरचं टोक पातळीच्या अर्धा आटा खाली. कॉइल बसवताना धरायचं तिचं शेपूट शेवटी तोडून बाहेर काढायला विसरायचं नाही.

परत बसवणं

दोन्ही स्टड नवे. एकमेकांवर दोन नट आवळून ते कुलूपबंद केले आणि त्यांच्या आधाराने स्टड हेडमध्ये हातानेच शेवटपर्यंत नेला, तळावर ठोकून आवळला नाही. हेडकडच्या आट्यांना तांब्याची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट पातळ लावली. इथे ग्रीस लावायची पद्धत सर्रास आहे, पण साधं ग्रीस त्या उष्णतेत जळून कडक राख होते आणि पुढच्या वेळी नट सुटणं आणखी अवघड जातं. नट पितळी घेतले. पितळ आणि पोलाद गंजून एकजीव होत नाहीत, आणि अगदीच वेळ आली तर पितळी नट सहज चिरता येतो.

क्रम असा ठेवला: तोंड साफ, नवी कडी एकच, सायलेन्सरखाली लाकडी ठोकळा. पुढचे दोन्ही नट बोटाने. मागचा बोल्ट बोटाने. मग पुढचे नट आलटून पालटून पाव-पाव फेरा, फ्लँज दोन्ही बाजूंनी सारखा राहील असे, १० न्यूटन-मीटरपर्यंत. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. मागचा आधी आवळला तर पाइप ताणाखाली बसतो आणि पुढच्या स्टडवर कायमचा वाकडा दाब राहतो.

नव्या सायलेन्सरचं पाणी निथळायचं भोक कुठे आहे ते मालकांना दाखवलं. वेल्डरला मात्र सांगायचं राहिलं.

निष्पत्ती

पुनर्नोंदणी सातव्या दिवशी झाली. पीयूसी त्याच सकाळी काढलं. ३१ मार्च २०००पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, गाडी तिच्या आत होती, आणि गळती बंद झाल्यामुळे आकडाही खरा होता. फटफट थांबली. कार्ब्युरेटरला हात लावावा लागला नाही.

पॅकिंगची कडी पहिल्यांदा तापली की थोडी दबते, म्हणून वीस-तीस किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला या असं सांगितलं होतं. मालक आले ते दोनशेच्या वर किलोमीटर झाल्यावर, आरटीओचं काम झालं होतं आणि मासळीचा हंगाम जोरात होता. एक नट साधारण पाव फेरा सैल निघाला; गळती सुरू झाली नव्हती. आवळला.

तासाभराचं सांगितलेलं काम चार दिवसांच्या कामात आणि दोन दिवसांच्या वाट पाहण्यात संपलं. प्रत्यक्ष हात चालला तो नऊ-दहा तास. गॅरेजने मजुरी दोन तासांचीच घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

मागचा बोल्ट आधी काढणं ही सुधारायला सगळ्यात सोपी चूक. तो फक्त सैल करायचा, जागेवर ठेवायचा, सायलेन्सरखाली टेका द्यायचा, आणि पुढचे दोन्ही नट सुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पाना रबरासारखा परत आला तेव्हा नट चिरायला हवा होता. स्टडला समांतर, नटाच्या एका सपाट बाजूवर हॅकसॉच्या ब्लेडने किंवा छोट्या ग्राइंडरने चर पाडायची, स्टडचे आटे दिसायच्या अगदी आधी थांबायचं आणि चरीत छिन्नी घालून नट उघडायचा. फ्लँज खाली येतो, सायलेन्सर निघतो, स्टड अख्खा राहतो. मग त्याला रात्रभर भिजवा, तापवा, दोन नट लावून फिरवा. वेळ आपल्या हातात असतो. सगळ्या गाड्यांवर हे जमत नाही, हेडचे फिन (बाहेरची पाती) आडवे येतात. सीडी १००वर जागा पुरेशी आहे.

वेल्डिंगचा प्रयत्न चुकीचा नव्हता, पण दोन अटी पाळल्या गेल्या नाहीत: जागा तेलविरहित हवी, आणि थंड व्हायला वेळ हवा. तेल मारलेल्या जागी वेल्डिंग करणं म्हणजे आधीच्या उपायाने पुढचा उपाय बिघडवणं. क्रम ठरवूनच तेल लावायला हवं होतं.

बुश आणि फ्लँजचं गाईड पहिल्या तुटीनंतर लगेच करता आलं असतं. तेव्हा माथा मऊ होता, स्टड बाहेर होता, आटे फाटले नव्हते. तसं झालं असतं तर बहुधा हेलिकॉइलही लागलं नसतं.

आणि मालकांशी बोलणं. त्यांना "तासाभराचं काम" असं सांगितलं, त्यामुळे रात्रभर भिजवायचं म्हटलं असतं तर ती चालढकल वाटली असती, आणि मिस्त्रींनाही ते सांगायला जड गेलं. स्टड तुटू शकतो, तुटला तर इंजिन उतरवावं लागेल आणि आठवडा जाईल, हे पाना लावायच्या आधी सांगितलं असतं, तर हातातल्या नऊ दिवसांपैकी पहिले दोन मालकांनी त्या तेलकट पट्टीला खुशाल दिले असते.